सामाईक भिंतीवरचे बूट

तिच्या हातात कायम कानस असायची आणि तिची जीभही त्याच लोखंडाची होती, म्हणून सगळा गाव तिला कानस म्हणायचा. गाईंची खुरं तासणं हा तिचा धंदा, बापाकडून आलेला. बापाला मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरलीच्या मनगटात जोर दिसला तशी त्याने वाकडी सुरी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "गाईचा पाय धरायला लाजू नकोस. ती चालते म्हणून माणसाचं घर चालतं."

खोटं नव्हतं ते. खूर वाढलं की गाय लंगडते, लंगडली की गव्हाणीपर्यंत जायचा कंटाळा करते, खाल्लं नाही की दूध तोडते. मग मालक चाऱ्याला नावं ठेवतो, बायकोला नावं ठेवतो, नशिबाला ठेवतो, आणि सगळं करून थकला की कानसला बोलावतो. ती यायची ती एखाद्या जुन्या नटासारखी. आधी आवाज, मग माणूस. "कोणाचे पाय दुखतायत गं?" असं रस्त्यावरूनच विचारायची आणि आतल्या गाई माना वळवायच्या. लाकडी चौकटीत गाय बांधली की तिच्या कुशीला खांदा लावायचा, पाय अलगद उचलून स्वतःच्या मांडीवर घ्यायचा आणि सुरी चालवता चालवता तिला घरच्या चार गोष्टी सांगायच्या. गाय शांत उभी राहायची. मालकांना मात्र घाम फुटायचा, कारण त्या गोष्टी बहुतेक मालकांबद्दलच असायच्या.

लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की म्हणायची, "दिवसभर इतके पाय धरते, घरी जाऊन आणखी दोन कोणी धरायचे?"

लग्न लावलं ते धाकट्या बहिणीचं. धाकटीचा नवरा लवकर गेला, तेव्हा कानसने सुरीच्या कमाईतून एक कालवड विकत घेतली आणि दोर बहिणीच्या हातात दिला. त्या एकीच्या आता सहा झाल्या होत्या. धाकटीची चूल, मुलीचं शिक्षण, छपराचे पत्रे, सगळं त्या सहा गाईंच्या जिवावर उभं होतं.

धाकटीच्या गोठ्याला लागून फौजदाराचा गोठा. हा गडी पोलिसात कधीच नव्हता. पण मिशा, आवाज आणि संशय, तिन्ही फौजदाराचे. त्याच्या वीस गाई. दोन्ही गोठ्यांमध्ये डोक्याएवढ्या उंचीची एकच भिंत, भिंतीत एक लहानसं दार, आणि दाराच्या वर खुंटीला रबरी बुटांचा एक जोड.

त्या जोडाचीही एक कथा आहे, आणि ती ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या मुलखात लाळ्या-खुरकूत ही गुरांची साथ कित्येक वर्षं आलेली नव्हती. नव्हती म्हणूनच तिथलं दूध लांबलांबच्या बाजारात चढ्या भावाने जायचं. आणि म्हणूनच नियमही कडक होता. रोग सापडला की तो गोठा रिकामा करायचा, म्हणजे त्यातली सगळी जनावरं मारून पुरायची. त्या गोठ्याशी त्या दिवसांत ज्याचा संबंध आला, तोही गोठा रिकामा. एका घराने रडायचं, नाहीतर सगळ्या पंचक्रोशीने रडायचं, एवढाच हिशेब. त्या एका घरासाठी दूध संस्थेने साथनिधी काढला होता. प्रत्येक लिटरमागे एक नाणं कापलं जायचं. स्वतःहून कळवलं तर जनावरांची पूर्ण किंमत, दुसऱ्या कोणाकडून कळलं तर अर्धी, लपवलं तर काही नाही. लोक कुरकुरत. "येणार नाही त्या पाहुण्यासाठी रोज जेवण शिजवायचं," असं दर सभेत कोणीतरी म्हणायचं आणि दर सभेत हशा व्हायचा.

याच निधीतून एकदा बूट घ्यायचं ठरलं. प्रत्येक गोठ्याच्या दारात त्या गोठ्याचेच बूट. खूरवाली येवो, चारावाला येवो, डॉक्टर येवोत, आपली पादत्राणं बाहेर ठेवायची आणि गोठ्याचे बूट घालायचे, म्हणजे एका घरची घाण दुसऱ्या घरी जात नाही. ठराव झाला. खर्चाचा आकडा ऐकून सभा गप्प झाली. मग कोणीतरी उठून म्हणालं, "ज्यांची भिंत एक आहे, त्यांना बूट दोन कशाला? दोघांत एक जोड द्या." आणि टाळ्या पडल्या! काय टाळ्या पडल्या! निम्मे पैसे वाचले. वाचलेल्या पैशांत सभागृहाला नव्या खुर्च्या आल्या.

फौजदार आणि धाकटीच्या वाट्याचा जोड फौजदाराच्या मापाचा आला. कानसच्या पायात तो फटक फटक वाजायचा. दाराशी औषधी पाण्याचा एक टबही ठेवला होता, त्यात बूट बुडवून मग आत जायचं. पहिले काही महिने बुडवले. मग औषध संपलं, नवीन कोणी मागितलं नाही, आणि टबात पावसाचं पाणी साचून चिमण्या अंघोळ करायला लागल्या.

त्या दिवशी सकाळी कानस फौजदाराकडे खुरं तासत होती. तीन गाई झाल्या होत्या. फौजदार दूध घालायला संस्थेत गेला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकटीने हाक मारली.

"ताई, जरा ये गं. कपिलेच्या खुरात खडा अडकलाय, पाय टेकत नाही बघ."

कानस भिंतीतल्या दारातून पलीकडे गेली. खडा काढला, बहिणीने पुढे केलेला चहा उभ्याउभ्याच प्यायली, इतर गाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत आली. मग तिने चौथी गाय चौकटीत घेतली. ती कालपासून लंगडत होती.

कानसने तिचा पाय मांडीवर घेतला. पाय गरम होता. सुरी हातात धरून तिने खुराच्या बेचक्यात बघितलं आणि सुरी तशीच राहिली. कातडी पांढुरकी पडून फुगली होती. एक फोड फुटलेला, दुसरा फुटायच्या बेतात. तिने पाय हळूच खाली ठेवला आणि गाईच्या तोंडाकडे गेली. गाय ओठांनी मचमच आवाज करत होती. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती.

तिने हा रोग एकदाच पाहिला होता, लहानपणी, बापाच्या मागे उभी राहून.  बाप तेव्हा सुऱ्या गुंडाळून अंगणात बसून राहिला होता.

फौजदार परतला तेव्हा कानस गोठ्याच्या मध्यभागी नुसती उभी होती. कानस गप्प उभी आहे म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे ओळखायला त्याला फौजदार असावं लागलं नाही.

"काय झालं गं?"

"चौथीच्या तोंडात बघा."

त्याने बघितलं. मिशीवरून हात फिरवला, पुन्हा बघितलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "काटा लागला असेल."

"खुराला आणि तोंडाला एकदम?"

"हळू बोल! दोन-चार दिवस बघू. मी हिला मागच्या बाजूला बांधतो. तू काही बघितलं नाहीस."

"फौजदार, मी बघितलंय. आणि तुम्हीही." तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "आत्ता तुम्ही फोन केलात तर वीसच्या वीस गाईंची पूर्ण किंमत येईल. संध्याकाळी दुसऱ्या कोणी केला तर अर्धी. लपवलंत तर वीस खड्डे तुमच्याच खर्चाने. मोठ्या आवाजात बोलायची सवय आहे ना तुम्हाला? मग बोला आता."

नंबर दोनदा चुकला. पण त्याने फोन केला.

डॉक्टरीणबाई पांढऱ्या झग्यात आल्या. तरुण होत्या, पण घाई नव्हती. फाटकाला साखळी घातली, फौजदाराच्या खांद्यावर हात ठेवला. कानसकडे वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही ओळखलंत ते फार बरं झालं. आता इथून हलू नका. मी सगळ्या गाई तपासून येते, मग सकाळपासून तुम्ही कुठे कुठे गेलात ते मला नीट सांगा." आणि फौजदाराला घेऊन त्या आत गेल्या.

कानस भिंतीजवळ गेली. पायातले बूट तिला एकाएकी दिसले. इतकी वर्षं घातले, पण दिसले आज.

"धाकटे," तिने हलक्या आवाजात हाक मारली.

पलीकडून बादलीचा आवाज थांबला. "काय गं? गाडी कोणाची आली?"

"डॉक्टरांची. जवळ ये, पण दारातून येऊ नकोस."

"कोण आजारी आहे?"

"फौजदाराची गाय. पायात फोड आहेत. तोंडातही."

भिंतीपलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "तू मघाशी माझ्याकडे आलीस तेव्हा..."

"हेच बूट होते."

"कोणी बघितलं?"

"कोणी नाही."

"मग झालं तर." धाकटीने एकदम मोकळा श्वास घेतला. "मग झालं. घाबरवलंस की मला."

"झालं नाही, धाकटे."

"ऐक, कान दे." पलीकडे सहा गाई संथपणे रवंथ करत होत्या. "एकीच्या तोंडाला लाळ नाही. एकीचं अंग गरम नाही. चांगल्या जनावरांचं मी काय सांगू?"

"आज नाही. हा रोग आधी लपतो, मग दिसतो. दिसेपर्यंत चारावाला येईल, दूधगाडी येईल, तुझी मुलगी शाळेत जाईल तिच्या मैत्रिणींच्या गोठ्यावरून."

"आणि नसलाच तर?"

 

"धाकटे, तू आत्ता संस्थेत फोन कर. तू केलास तर पूर्ण किंमत. माझ्या तोंडून गेलं तर अर्धी."

"तुझ्या तोंडून का जाईल?"

एवढं साधं वाक्य, पण कानसला ते सुरीसारखं लागलं.

"ताई, तू सांगणार?"

"त्यांनी विचारलं तर सांगणार."

"पहिलीचा दोर तूच दिलास ना माझ्या हातात?" धाकटीचा आवाज फाटला. "मग ये ना, तूच ये. एकेकीला सोड आणि ने. माझ्याकडून होणार नाही ते."

बादली लाथाडल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली. घराचं दार आपटलं.

कानस नळाशी बसली आणि हत्यारं धुवायला लागली. डॉक्टरांनी दिलेल्या औषधात एकेक सुरी बुडवायची, ब्रशने घासायची, पुन्हा बुडवायची. मुठीच्या खाचेतला मळ काडीने काढला. कानशीचा एकेक दाता घासला. जे काम ती नेहमी चुटकीसरशी करायची ते आज संपू द्यायचं नव्हतं. प्रत्येक सुरीबरोबर ती बहिणीला थोडा वेळ देत होती. कान पलीकडच्या घराकडे होते. तिथे सगळं शांत होतं.

शेवटची सुरी कोरडी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई समोर येऊन बसल्या. चेहरा उतरला होता. "तोच आहे," त्या म्हणाल्या. "आता सांगा मावशी. इथे येण्याआधी कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही. घरून सरळ इथे."

"काल?"

"काल हात दुखत होता. घरीच होते."

"आणि इथे आल्यावर? या फाटकाबाहेर गेलात?"

"फाटकाबाहेर नाही."

उत्तर खरं होतं. इथे थांबता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी मानही हलवली. रंगमंचावर असा एक क्षण येतो, वाक्य आपलं असतं, सगळं थिएटर श्वास रोखून बघत असतं, आणि विंगेतून कोणी म्हणजे कोणी आठवण करून देत नाही. वाक्य गिळलं तरी प्रेक्षकांना कळणार नसतं. फक्त नटाला कळतं, आणि मग ते त्याला जन्मभर ऐकू येत राहतं.

"फाटकाबाहेर नाही," कानस पुन्हा म्हणाली. "पण त्या दारातून गेले होते. पलीकडे. हेच बूट घालून. दोन्ही गोठ्यांना एकच जोड आहे."

डॉक्टरीणबाईंनी रिकाम्या खुंटीकडे बघितलं, टबातल्या चिमण्यांकडे बघितलं. "पलीकडचा गोठा कोणाचा?"

"माझ्या बहिणीचा."

तेवढ्यात फाटकाबाहेर सायकल आदळल्याचा आवाज झाला आणि संस्थेचे चिटणीस साखळीपलीकडून ओरडले, "डॉक्टर! अहो डॉक्टर! शेजारच्या बाईंचा फोन आला होता संस्थेत. माझाही गोठा धरा म्हणतात. बूट एकच आहेत म्हणतात."

"कधी आला?" कानस उठूनच उभी राहिली.

"आत्ताच की! फोन ठेवला आणि निघालो तो इथे. ठेवू कुठे देत होत्या? भांडत होत्या!" चिटणिसांनी घाम पुसला. "म्हणाल्या, माझी पूर्ण किंमत तर द्याच, पण ताईची रोजीही निधीतून द्या. आता कित्येक दिवस तिला कोणी गोठ्यात घेणार नाही. मी म्हटलं, बाई, निधी जनावरवाल्यांचा आहे, खूर तासणाऱ्यांचा तसा नियम नाही. तर म्हणाल्या, 'जी बघते तिलाच उपाशी ठेवाल, तर पुढच्या वेळी ती डोळे मिटून तासेल. मग बसा नियम चाटत.'"

कानस खाली बसली. 

संध्याकाळच्या आत दोन्ही गोठे रिकामे झाले. त्याचं वर्णन करण्यात काही थोरवी नाही. डॉक्टरीणबाईंनी जनावरांना त्रास होऊ दिला नाही, एवढं सांगितलं पाहिजे. फौजदार भिंतीकडे तोंड करून उभा होता. धाकटीने एकेका गाईला स्वतः बाहेर आणलं. शेवटची कपिला. तिचा दोर तिने कानसच्या हातात दिला, बहिणीकडे न बघता. कानस कपिलेच्या कपाळाला कपाळ लावून तिच्याशी काहीतरी बोलत राहिली, शेवटपर्यंत.

मग अहवाल आले. फौजदाराच्या सात गाईंत रोग होता. धाकटीच्या सहाच्या सहा निरोगी होत्या.

रोग त्या भिंतीपुढे गेला नाही. तिसरा गोठा लागला नाही, दूधगाडी थोडे दिवस थांबून पुन्हा सुरू झाली. पण जे घडलं नाही त्याचे आभार कोण मानतो? "उगाच मारल्या बिचारीच्या गाई," असं लोक म्हणायला लागले, आणि म्हणताना कानसकडे बघायला लागले. दारं बंदच होती तिला. तिची रोजी संस्थेने बराच वाद घालून मंजूर केली. कानसने ती घेतली. उपकार असते तर तोंडावर फेकले असते, पण बहिणीने भांडून मिळवलेली मजुरी होती ती.

बहीण मात्र बोलत नव्हती. रस्त्यात दिसली की पदर सावरून दुसऱ्या बाजूने जायची.

मग संस्थेची सभा भरली. त्याच खुर्च्या, बुटांच्या पैशांतून आलेल्या. साथनिधी पार रिकामा झाला होता. अध्यक्ष म्हणाले, "आता रोग येऊन गेलाय. लगेच काही परत येत नाही. कपात निम्मी करावी असं मला वाटतं." बऱ्याच माना हलल्या. मागे कानस भिंतीला टेकून उभी होती. तिच्या शेजारची खुर्ची कोणी घेतली नव्हती.

धाकटी उठली.

"माझ्या गाई चांगल्या होत्या," ती म्हणाली. "अहवालात तसं लिहिलंय. सगळ्यांनी वाचलंय."

अध्यक्षांनी चष्मा काढला.

"तरी मी फोन केला. का केला, ते मला अजून रोज सकाळी स्वतःशी भांडून सांगावं लागतं. रिकाम्या गोठ्यात उभी राहते आणि भांडते. नंतर झाडते. पण एक गोष्ट भांडल्याशिवाय कळते. आपण अर्धे बूट वाचवले आणि अख्खे गोठे घालवले. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांनी हात वर करू नका, मीच वाजवल्या होत्या. सगळ्यांत जोरात."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पहिल्या रांगेतून फौजदार खाकरला. "कपात पूर्ण ठेवा," तो गुरगुरला. "आणि टबात औषध. मी स्वतः बघणार रोज."

"मग तर चिमण्यांचंही खरं नाही," मागून कानसचा आवाज आला. सभा हसली, यावेळी मोकळेपणाने.

धाकटी हसली नाही. ती अजून उभीच होती. चिटणिसांकडे वळून म्हणाली, "प्रत्येक गोठ्याला वेगळा जोड. आणि येणाऱ्याच्या पायात बसेल असा. फौजदाराच्या मापाचे नकोत. मोठ्या बुटात चिखल जास्त येतो."

"माप कोणाचं घ्यायचं?" चिटणिसांनी विचारलं.

धाकटी मागे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने थोरल्या बहिणीकडे सरळ बघितलं. डोळ्यांत राग होता, अजून बराच होता.

"पाय केवढा आहे गं तुझा?" तिने तिथूनच विचारलं.

कानसने चप्पल काढली आणि त्या भरल्या सभेत, खुर्च्यांच्या रांगांमधून अनवाणी चालत पुढे आली.